हिरव्या दिव्यांचे साहेब

गेल्या आठवड्यात मी सासऱ्यांना आमच्या संडासात अंधारात बसवलं. मुद्दाम नव्हे. माणूस आत गेला की दिवा आपोआप लागावा आणि बाहेर आला की आपोआप विझावा, अशी सोय मी मोठ्या हौसेनं केली होती. वायर माझी, स्क्रू माझे, अक्कलही माझीच. एकच गोष्ट लक्षात राहिली नाही. छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डबीला माणूस कळत नाही, हालचाल कळते. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्या जागी त्या वयाचा माणूस हालचाल ती काय करणार? मिनिटभरात दिवा गेला. आतून आवाज आला, "जावईबापू, लाइन गेली काय हो?"

मी बाहेरून म्हटलं, "नाही मामाजी. जरा हात हलवा."

आतून एकदा खाकरल्याचा आवाज आला. मग, "कायले?"

पोरं पोट धरधरून हसली. मीही हसलो, पण मला ही विद्या ज्या माणसानं शिकवली तो डोळ्यापुढे उभा राहिला. तो असता तर त्यानं मामाजींनाच दोष दिला असता. "वापरकर्ता प्रशिक्षित नाही," असं म्हणून डायरीत टिपलंही असतं.

त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांना 'सर' हवं होतं, पण यवतमाळात सर म्हणजे शाळेतला मास्तर, आणि मास्तराला निदान पाढे येतात. साहेब मूळचे आमच्याकडलेच. सहा महिने पुण्याला एका कंपनीत होते. गेले तेव्हा 'मले-तुले' म्हणत गेले, आले तेव्हा 'मला-तुला' घेऊन आले, आणि सोबत एक टाय. तो टाय यवतमाळच्या मे महिन्यातही गळ्यात असायचा. घाम टायवरून ओघळून पोटावर ठिपकायचा, पण गाठ सैल व्हायची नाही. कार्डावर नावाखाली 'सिस्टम इंटिग्रेटर' असं लिहिलेलं. मिठाईच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतली होती, तिथं आमचं ऑफिस. मी, दोन वायरमन आणि जिलबीचा वास.

धंदा असा की इमारतीतले कॅमेरे, आगीचा भोंगा, दारांची विजेची कुलपं, हजेरीचं यंत्र, फाटकाचा दांडा, हे सगळं एका डब्याला जोडायचं. त्या डब्याला पॅनेल म्हणायचं. त्यावर छोटे दिवे. सगळं ठीक तर हिरवा, नाही तर लाल. "सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे," हे साहेबांचं ब्रीदवाक्य. स्वतः मात्र ते कुणाशी बोलत नसत; सांगत असत. त्यांच्या हातात मी तीन वर्षांत एकदाही पेचकस पाहिला नाही. एक लाल ठिपक्याची बॅटरी असायची, तिनं लांबूनच भिंतीवर ठिपका नाचवत, "इथे भोक पाडा." पाडलं की, "इथे नव्हे, तिथे." त्यांच्या हाताखाली काम झालेली भिंत चाळणीसारखी दिसायची.

ती कापसाची पडती वर्षं होती. भाव नव्हता, खरेदी आज सुरू तर उद्या बंद. बाजारात मंदी, साड्यांच्या दुकानात माश्या. असल्या दिवसांत कॅमेरे कोण घेतं? पण साहेबांना नेमकं त्याच दिवसांत काम मिळालं, आणि ते का मिळालं हे सांगायला मला आजही बरं वाटत नाही. घाटंजी रोडवर कापसातून सरकी वेगळी करणारी एक जिनिंग होती. तिच्या शेठजींच्या ऑफिसात आदल्या हंगामात चिडलेले शेतकरी शिरले होते. वजनावरून बोलाचाली झाली, दोन खुर्च्या मोडल्या, एक कॅलेंडर फाटलं. शेठजी घाबरले. साहेबांनी ती बातमी पेपरात वाचली आणि दुसऱ्या दिवशी टाय घालून शेठजींपुढे हजर. "एक बटण, शेठजी. दाबलं की सगळी दारं बंद. बाहेरचा बाहेर, आतला आत."

आतला आत म्हणजे कोण, हे शेठजींनी विचारलं नाही. मीही नाही. मी मापं घेत होतो.

रफीकभाई हे त्या जिनिंगचे मेकॅनिक. वीस वर्षं तिथल्या मशिनींच्या पोटात हात घालून बसलेला माणूस. मशीन आजारी पडायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्या कामगारांना उन्हात उभं करून भाषण दिलं. "ही इमारत म्हणजे शरीर समजा. पॅनेल म्हणजे मेंदू. वायर म्हणजे शिरा. कॅमेरे म्हणजे डोळे."

"अन् कान, साहेब?" रफीकभाईंनी विचारलं.

"कानाची गरज नाही. सिस्टम स्वयंचलित आहे."

"वोही तो मैं सोच रहा," रफीकभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साहब भी सयंचलित है."

पहिला दणका फाटकावर बसला. साहेबांनी पुण्याच्या कंपन्यांत असतो तसला लाल-पांढरा दांडा लावला. पहारेकऱ्यानं बटण दाबलं की तो वर जायचा आणि खाली जमिनीत पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी पुढे गेली की आपोआप खाली यायचा. गाडी लोखंडाची, म्हणून वेटोळ्याला ती कळते. पुण्यात गाड्या लोखंडाच्याच असतात. आमच्याकडे हंगामात निम्मा कापूस बैलांच्या बंडीत यायचा, आणि बंडी लाकडाची. पहिल्याच बंडीचे बैल दांड्याखालून गेले. जमिनीतल्या वेटोळ्यानं विचार केला की वर काहीच नाही, आणि दांडा शांतपणे खाली आला. बैल आत, बंडी बाहेर, दांडा जुवाच्या मागं अडकलेला. मागं रस्त्यापर्यंत बंड्यांची रांग.

बंडीवाला म्हातारा उतरला. दांड्याकडे पाह्यलं, साहेबांकडे पाह्यलं. "साहेब, तुमच्या मशिनले बैल दिसत नाई का?"

साहेबांनी डायरी काढली. दोन मिनिटं लिहिलं. मग जाहीर केलं, "यापुढे प्रत्येक बंडीच्या तळाला लोखंडी पत्रा बांधून आणायचा."

रांगेतून जे शब्द आले ते मी इथं लिहीत नाही. ही गोष्ट घरात वाचली जाणार आहे. शेवटी रफीकभाईंनी दांड्याचा नटच काढून ठेवला. हंगामभर दांडा उभाच होता, आणि पॅनेलवर त्याचा दिवा हिरवा होता, कारण साहेबांनी मला तो हिरवा करायला सांगितला होता.

हीच साहेबांची खरी खोड. त्यांना इमारतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पॅनेल हिरवं हवं असायचं. लाल दिवा दिसला की आजार कुठं आहे हे ते बघत नसत. दिवा हिरवा कर म्हणत. डॉक्टर असते तर तापलेल्या माणसाचा थर्मामीटर पाण्यात बुडवून घरी गेले असते.

आणि मी कंपाउंडर. पाणी मीच धरलं असतं.

जिनिंगमध्ये एक लांब हॉल होता. तिथं चाळीसेक बाया जमिनीवर बसून कापसातली किडकी कवडी, पाला, काड्या वेचायच्या. मोठं दार मशिनींकडे उघडायचं, आणि बाजूचं एक दार बाहेर व्हरांड्यात. मोठ्या दाराला पॅनेलवर नाव 'दार दोन', व्हरांड्यातल्याला 'दार तीन'. साहेबांनी दोन्ही दारांना विजेची कुलपं लावली आणि दार तीनला बोट लावायचं यंत्र. नोंदलेलं बोट लावलं तरच दार उघडणार. पाणी प्यायला, बाहेर जायला, लेकराला पाजायला, प्रत्येक वेळी बोट.

यंत्रानं एकीचंही बोट ओळखलं नाही.

पार्वताबाई म्हणून त्यांच्यातली थोरली होती. तिनं आपली दहाही बोटं आळीपाळीनं लावून पाहिली. मग मला पंजा दाखवला. बोंडांच्या टोकांनी वर्षानुवर्षं ओरबाडलेली, घासून गुळगुळीत झालेली बोटं. रेघ नावाला नव्हती. "भाऊ, पोरगी होते तवापासून कापूस येचते. बोटं कापसातच गेले माये. तुमच्या डबीनं कुठून वयखावं?"

मी साहेबांना सांगितलं. साहेब यंत्राकडे बघत म्हणाले, "या बायकांना बोटंच नाहीत. हा यंत्राचा दोष नाही."

मग बायांनी आपला मार्ग काढला. पार्वताबाईच्या सुनेचं, मंजुळाचं, चार महिन्यांचं लेकरू होतं. तिनं लुगड्याची झोळी केली आणि तिचं एक टोक दार तीनच्या मुठीला बांधलं, दुसरं व्हरांड्याच्या खांबाला. मूठ चांगली जाड स्टीलची होती. साहेबांनी खास नागपूरहून आणलेली. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे झोळीच्या ओढीनं ते सताड उघडं राहायचं. लेकरू वाऱ्याला झोपलेलं, आई आतून नजर ठेवून, आणि बाया झोळीखालून वाकून ये-जा करायच्या. त्या इमारतीत आम्ही जे काही बसवलं, त्यात नीट चाललेली वस्तू म्हणाल तर ती एक झोळी.

पण दार उघडं, म्हणून पॅनेलवर दार तीनचा दिवा लाल. साहेब अस्वस्थ. त्यांनी मला बोलावून घेतलं. दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी असते. दाराचं लोहचुंबक तिच्याजवळ आलं की पॅनेलला कळतं, दार बंद झालं. "चौकटीवरच एक वेगळं चुंबक चिकटवून टाका," साहेब म्हणाले. "पॅनेल हिरवं पाहिजे." मी चिकटवलं. त्यानंतर दार उघडं असो की बंद, पॅनेल म्हणायचं, बंद.

दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात भोंगा वाजला. आग नव्हती. हवेत उडणारी रुई धूर ओळखणाऱ्या डबीत शिरली, आणि डबीला वाटलं धूर. त्या दिवशी लेकराला ताप होता म्हणून मंजुळा आली नव्हती, झोळीही नव्हती. भोंगा वाजला आणि दोन्ही दारं खटकन बंद झाली. आतून दारावर हात आपटल्याचा आवाज. मी पॅनेलकडे धावलो, किल्ली फिरवली, तेव्हा दारं सुटली.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, उलटं झालं. आग कळली की दारं उघडायला पाहिजेत. इथं बंद होतात."

"बरोबर आहे. मीच तसं करून घेतलंय."

"काहून?"

"'का' म्हणा." साहेबांनी टाय सरळ केला. "उद्या कुणी बाहेरून 'आग आग' ओरडलं, दारं उघडली, आणि जमाव आत शिरला तर? आग लागली म्हणून चोर सुट्टीवर जातो का? शेठजींना सुरक्षा हवी आहे."

तारा तशा जोडल्या होत्या मीच. साहेबांनी नकाशा दिला, मी जोडल्या. आता समजून सवरून गप्प बसलो. घरी मोठ्याची शाळा, धाकट्याचं दूध, आणि गावात दुसरीकडे कुठं काम नव्हतं, ही कारणं मी स्वतःला रोज सांगायचो. कारणं खरी होती. पण मंजुळा आली का, झोळी बांधली का, हे मी रोज सकाळी जिनिंगमध्ये गेल्या गेल्या बघायचो, आणि बांधलेली दिसली की चहा गोड लागायचा.

गुढीपाडवा झाला. हंगाम सरत आला होता. दुपारची वेळ, मी आणि साहेब पॅनेलच्या खोलीत. साहेब शेठजींसाठी अहवाल लिहीत होते. भोंगा वाजला.

"रुई," साहेब मान वर न करता म्हणाले.

मीही तेच म्हणालो असतो, पण जळक्या कापसाचा वास आला. कापसातून कुठला तरी लोखंडाचा तुकडा मशिनीत गेला होता, ठिणगी पडली होती. मी पडद्याकडे बघितलं. कॅमेऱ्याच्या काचेवर हंगामभराची रुई बसलेली. पडद्यावर नुसतं पांढरं. पॅनेलकडे बघितलं. दार एक बंद. दार दोन बंद. दार तीन बंद. सगळे हिरवे, एका ओळीत.

त्या दिवशी सकाळी मी उशिरा आलो होतो. मंजुळा आली की नाही हे बघितलं नव्हतं. झोळी बांधलेली असेल तर बाया बाहेर, नसेल तर चाळीस जणी त्या पेटत्या कापसात. आणि मला ते सांगू शकणारा एकच दिवा होता. त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं.

मी किल्ली फिरवली. काही झालं नाही; वायर कुठंतरी जळाली असावी. मी दाराकडे धावलो. आमच्या खोलीचं दार उघडेना. दार एक ते हेच; पहिल्या भोंग्यानंतर साहेबांनी तेही जोडून घेतलं होतं. सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे ना!

साहेबांनी बोट लावलं. पुन्हा लावलं. भोंगा वाजला की बोट चालत नाही, हा नियम त्यांचाच. दाराच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ आत आली, आणि साहेबांच्या तोंडून सहा महिन्यांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "अरे बाप्पा! मेलो! रफीकभाई, धावा ना बे! मले काढा!"

रफीकभाईंनी बाहेरून मोठ्या पान्यानं कुलूपच उखडलं. दार उघडताच साहेब माझ्या पायावर पाय देऊन, "पया! पया!" करत फाटकाकडे पळाले. दांडा उभाच होता, म्हणून बरं.

मी हॉलकडे पळालो. व्हरांड्यात धूर होता, आणि धुरात झोळी रिकामी लोंबत होती. दार सताड उघडं. निंबाच्या झाडाखाली बाया उभ्या, काही खोकत, काही रडत. मंजुळाच्या खांद्यावर लेकरू. पार्वताबाई एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजत होती. दोनदा मोजलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर्व्या हायेत." मला पाणी द्यावं लागलं, तेही तिनंच दिलं.

हॉलमधला कापूस गेला, छपराचे काही पत्रे गेले. माणूस एकही नाही.

आठ दिवसांनी जिनिंगच्या आवारात सत्कार झाला. साहेबांचा. शाल, नारळ, टायवरून हार. साहेबांनी त्या दिवसाचा पॅनेलचा कागद मोठा करून फळ्यावर लावला होता. सगळ्या ओळी ठीक. त्यांनी लाल ठिपका त्या ओळींवर फिरवला. "अखेरच्या क्षणापर्यंत मी पॅनेल सोडलं नाही. सिस्टमने चाळीस जीव वाचवले." कागदावर दार तीनपुढे 'बंद' लिहिलेलं होतं. बंद दारातून चाळीस बाया कशा बाहेर आल्या, हे शेठजींनी विचारलं नाही. पेपरवाल्यानं विचारलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मी जरा जास्तच वाजवल्या.

मागून पार्वताबाईचा आवाज आला, "जीव वाचोले माया नातवाच्या झोयीनं, अन् नारय भेटला याले."

"चुप, मावशी," रफीकभाई म्हणाले. "साहब के कान नहीं है. सुनेगा कौन?"

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि अहवालातली शेवटची शिफारस दाखवली. टाइप करून, शिक्क्यासकट. 'दार क्रमांक तीनला झोळी अथवा अन्य वस्तू बांधण्यास सक्त मनाई.' शेठजींनी सहीही केली होती. नवे पत्रे चढले की काम सुरू होणार, त्याआधी हा कागद दारावर चिकटवायचा. "त्या झोळीमुळे दाराच्या बिजागऱ्या वाकल्या आहेत," साहेब म्हणाले. "सिस्टम बिघडेल."

मी कागद घेतला. डिंकाची बाटली घेतली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. जळक्या कापसाचा वास अजून होता. बाटलीचं बूच काढलं आणि परत लावलं. मग पॅनेलच्या खोलीत गेलो. जळालेली वायर मी दोन दिवसांपूर्वीच बदलली होती. झाकण काढलं आणि एक तार एका स्क्रूखालून सोडवून शेजारच्या स्क्रूखाली घट्ट केली. दुसरं काही नाही. मग धुराच्या डबीखाली उदबत्ती धरली. भोंगा वाजला आणि तिन्ही दारं सुटली. चौकटीवरचं चुंबक खरवडून काढलं आणि खिशात टाकलं. साहेबांचा कागद दारावर लावला, कारण शेवटी मी मीच. पण मंजुळाला निरोप धाडला की झोळी व्हरांड्याच्या दोन खांबांना बांध, दार आता सुटतं.

साहेबांना ते कधीच कळलं नाही. त्यांनी पॅनेलचं झाकण आयुष्यात उघडलं नव्हतं. पुढे ते नागपूरला गेले, मोठ्या इमारतींच्या मागं लागले. एका मॉलच्या उद्घाटनाच्या फोटोत मी त्यांना पाहिलं. टाय तोच.

सत्काराच्या संध्याकाळी मी घरी आलो तो फुशारकीतच. बायको अंबाडीची भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. सत्कार, टाळ्या, कागद, साहेबांची नक्कल करून 'पया पया'सुद्धा. ती हसली नाही. मग स्क्रूचं सांगितलं. तिनं निवडणं थांबवलं.

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं. एक तार तर होती."

तिनं भाजीची एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली.

"दहा मिन्टाचं काम होतं," ती म्हणाली, "त मग सहा महिने काहून लावले?"